मुलुंडचे अहो

दुपारचे चार वाजले की नीला तिरोडकर जेवणाच्या टेबलावरची फळांची टोपली उचलून फ्रिजवर ठेवायची, लॅपटॉप उघडायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि म्हणायची, "मी गडावर चालले. बेल वाजली तर तुम्ही बघा."

त्यानंतरचे दोन तास ती घरात असून नसायची.

गड म्हणजे एक ऑनलाइन गेम. त्याचं खरं इंग्रजी नाव मालगाडीसारखं लांबलचक होतं, म्हणून घरात त्याला नुसतं गड म्हणत. माणसं आपापल्या घरी बसून त्या एकाच गडावर जमायची, एकमेकांशी बोलायची आणि दालनामागून दालन सर करत वर चढायची. प्रत्येक दालनात एक राक्षस. टाळेबंदीच्या वर्षात भाचीने, गार्गीने, मावशीचा वेळ जावा म्हणून तो लॅपटॉपवर घालून दिला. टाळेबंदी गेली, गार्गीने स्वतः खेळणं सोडलं, मावशी मात्र गडावरच राहिली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढलेली बाई ती. कानात चार माणसं एकदम बोलत असताना हाताने पाचवं काम करणं तिला नवीन नव्हतं.

तिचा नवरा बाळ समोरच्या सोफ्यावर पेपर घेऊन बसलेला असायचा. पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा.

बाळ तिरोडकर नाटकाचा प्रॉम्प्टर. एक्केचाळीस वर्षं. विंगेतल्या अंधारात, हातात नाटकाचं बाड आणि बोटाएवढी बॅटरी घेऊन तो उभा राहिला. नटाच्या तोंडून वाक्य निसटलं की ते अलगद उचलून परत त्याच्या ओठांवर ठेवायचं, आणि ते असं, की पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं, याला हे आत्ताच सुचलं. टाळी कधी त्याच्यासाठी पडली नाही. जाहिरातीत नाव आलं ते एकदाच, तेही चुकून 'वेशभूषा' या शब्दापुढे. त्या दिवशी सगळी मंडळी त्याला शर्टाची बटणं लावायला देत होती आणि हा हसत हसत लावून देत होता. असा माणूस.

पुढे निर्मात्यांना प्रॉम्प्टर परवडेनासा झाला, मग लागेनासा झाला. सहासष्टाव्या वर्षी बाळ मुलुंड पूर्वेच्या, मिठागरांकडे तोंड असलेल्या त्या दोन खोल्यांत कायमचा राहायला आला. कायमचा म्हणजे संध्याकाळीसुद्धा. लग्न झाल्यापासूनची अडतीस वर्षं या घरात संध्याकाळ नावाची वस्तू नवऱ्याशिवाय वाढली होती. पहिली दोन वर्षं नीलाने तक्रार केली, मग ती थांबली, आणि हळूहळू तिने आपल्या संध्याकाळी आपणच सजवून घेतल्या. बाळ घरी आला तेव्हा तिथे एकही खुर्ची रिकामी नव्हती.

जन्मभर विंगेत उभा राहिलेला माणूस, पण आपल्याच घरात विंगेत उभं राहायची पाळी आली तेव्हा त्याला ते जड गेलं.

संधी अचानक आली. नीलाच्या चमूतली ऋता नावाची अंधेरीची मुलगी नोकरी बदलून गेली आणि तिची दुपार गेली. चहा पिताना नीला चिडचिड करत होती. "हीलरच नाही आता. जीव कोण भरणार? तीन डोकी घेऊन गड चढायचा म्हणजे कपाळ!"

"मी येऊ का?" बाळ म्हणाला.

नीलाने कप खाली ठेवला. "तुम्हाला टीव्हीच्या रिमोटवर आवाज बंद करायचं बटण सापडत नाही."

"शिकेन की."

"तुम्ही शिकेपर्यंत तिथे चार माणसं मरतील."

"नाटकातही मरायची. मी उठवायचो."

नीला हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. गार्गीचा जुना लॅपटॉप माळ्यावरून खाली आला. खेळाडूचं नाव घालायची वेळ आली तेव्हा 'बाळ' कोणीतरी आधीच घेतलेलं निघालं. पुढे आकडे जोडायला बाळ तयार होईना, म्हणाला, गॅसचा ग्राहक क्रमांक वाटतो. शेवटी त्याने 'प्रॉम्प्टर' असं टाकलं. ते मोकळं होतं. जगात कोणालाच ते नको होतं.

चमूत नीलाशिवाय दोघं होते. भीमराज घाटकोपरचा. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात तो वर्कशॉपमध्ये फिटर होता, तिथूनच निवृत्त झालेला. कुठलीही गोष्ट आतून कशी चालते ते उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि गडाचाही त्याने नटबोल्ट न् नटबोल्ट उघडून पाहिला होता. दुसरी सपना, बोरिवलीची. सकाळी बायकांचे शिवणाचे वर्ग घ्यायची, दुपारी गडावर बाण मारायची.

"बघा, सोपं आहे," भीमराज पहिल्या दिवशी हेडफोनमधून बाळला म्हणाला. "राक्षसाच्या डोक्यात रागाचे काटे असतात. आमच्या वर्कशॉपात प्रेशरचे असायचे तसे. प्रत्येकाच्या नावाचा काटा वेगळा. ज्याचा काटा सगळ्यात वर, त्याला तो मारतो. नीलाताईंचं काम एकच, आपला काटा सगळ्यांच्या वर ठेवायचा. मार सगळा त्यांनी खायचा. त्यांच्याकडे ढाल आहे, चिलखत आहे आणि टोमणा आहे."

"टोमणा?"

"तो मारला की राक्षस बाकी सगळं सोडून त्यांच्याकडेच वळतो."

"तो माझ्या ओळखीचा आहे," बाळ गंभीरपणे म्हणाला.

सपना खुदकन हसली. नीलाने टेबलापलीकडून नवऱ्याकडे असं पाहिलं, की बाळचा काटा क्षणभर बराच वर गेला असावा.

पहिली लढाई साध्या रानडुकराशी होती. डुकराने नीलाला तोंडाचा नुसता धक्का दिला आणि तिच्या जिवाची हिरवी पट्टी बोटभर खाली आली. बाळने लगेच जीव भरला. डुकराने पाय लावला, बाळने पुन्हा भरला. पुन्हा धक्का, पुन्हा जीव. चौथ्या वेळी नीला ओरडली, "अहो, थांबा!"

"थांबलो," भीमराज म्हणाला आणि त्याने तलवार खाली केली.

"तुम्ही नाही हो, हे!"

"हे कोण?"

"हे... आमचे!"

तेवढ्यात डुकराने मान फिरवली, सपनाला ओलांडलं, भीमराजला ओलांडलं आणि तडक मागे उभ्या असलेल्या बाळला जाऊन आडवं केलं. पडद्यावरचा प्रॉम्प्टर गवतात उताणा पडला.

"अहो मेले," सपना म्हणाली.

"पण मी त्याला हातही लावला नव्हता," बाळ म्हणाला.

"जीव भरलात ना!" भीमराज म्हणाला. "त्यानेही राग चढतो. तो मारतोय आणि तुम्ही मागून भरून काढताय. गरज नसताना भराल तर तो आधी तुम्हालाच संपवेल. आणि ताई, यांचं नाव काय? सारखं अहो अहो केलंत तर मी फसणार."

नीलाच्या तोंडून नाव निघेना. नीला काही जुन्या वळणाची बाई नव्हती. ती स्कूटर चालवायची, एक्स्चेंजमध्ये साहेबाला तोंडावर दोन शब्द सुनवायची. पण अडतीस वर्षांत तिची जीभ त्या एका शब्दाकडे वळलेली नव्हती, आणि वळली नाही म्हणून काही अडलंही नव्हतं.

"बाळ," बाळने स्वतःच सांगितलं.

"असू द्या, असू द्या," भीमराज म्हणाला. "आजपासून इथे अहो म्हणजे तुम्हीच. मला कोणी अहो म्हणायचं नाही."

त्या दिवशी खेळ संपल्यावर बाळ बराच वेळ खिडकीशी उभा होता. गरज नसताना मदत केली की राग. हे त्याला कोणी नव्याने सांगायला नको होतं. उमेदवारीच्या वर्षात एका मोठ्या नटाने भर प्रयोगात दुःखाने मान खाली घातली, आणि बाळने विंगेतून घाईघाईने पुढचं वाक्य दिलं. मध्यंतरात तो नट पगडी काढत अंगावर आला होता: "अरे गाढवा, मी विसरलो नव्हतो! मी अभिनय करत होतो!" तेव्हापासून बाळ शिकला, की शांतता दोन जातींच्या असतात. एक नटाची असते, ती त्याला भोगू द्यायची. दुसरी विसरलेल्या माणसाची. दिसायला दोन्ही सारख्याच. ओळखणारा तेवढा विंगेत पाहिजे.

त्यामुळे पहिली चूक त्याने आठ दिवसांत सुधारली. नीलाची पट्टी अर्ध्यावर येईपर्यंत तो हात आवरून बसायला शिकला. जीव भरायची शक्ती निळ्या पट्टीत असते आणि ती संपली की आपण नुसते प्रेक्षक, हेही त्याच्या अंगवळणी पडलं. लहानसहान दालनं सर झाली. सपना म्हणू लागली, "आजोबांच्या वयाचे आहेत, पण अहो झकास खेळतात हं."

"आजोबा कोणाला म्हणतेस गं?" नीला म्हणायची.

घोडं अडलं ते शेवटच्या दालनात.

तिथे दगडी सरदार होता. उंची दोन मजले, हातात घण. सहा मिनिटांत तो पडला नाही तर दालनाचं छतच खाली यायचं आणि खेळ खलास. त्याचा घण एकदम दोघांवर पडे, म्हणून एका हीलरने भागण्यासारखं नव्हतं. सपनाने आपल्या नवऱ्याला आणलं. रतन एका इस्पितळाच्या लाँड्रीत रात्रपाळीचा सुपरवायझर, दुपारी झोपून उठला की मोकळा. गडी तिशी-पस्तिशीतला असल्यासारखा चपळ, अंगठे विजेसारखे चालायचे. बाळने त्याचं मनापासून कौतुक केलं आणि मनातून तो जरासा घाबरला.

पहिल्याच लढाईत सरदाराने घण उचलला आणि नीला व सपना दोघींवर एकदम घातला.

"अहो!" नीला ओरडली.

"अहो!" सपना ओरडली.

बाळने नीलाला जीव भरला. रतननेही नीलालाच भरला. सपना धाडकन पडली.

"तुम्ही कोणाकडे बघत होतात?" सपना कडाडली.

"अहो म्हणाल्या ना त्या!" रतन म्हणाला.

"त्या त्यांच्या अहोंना म्हणाल्या! मी माझ्या अहोंना म्हणत होते!"

दुसऱ्या खेपेला सपनाचा आवाज आधी आला. आता चूक करायची नाही म्हणून दोन्ही नवऱ्यांनी झटकन सपनाला जीव भरला, आणि नीला ढालीसकट जमिनीवर आली. तिने सावकाश हेडफोन काढला आणि टेबलापलीकडे पाहिलं.

"मी इथे समोर बसलेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही बोरिवलीला औषध पाठवताय?"

"नावं घ्या की बायांनो!" भीमराज वैतागून म्हणाला. "कुठल्या जमान्यात राहता?"

"मी घेते," सपना म्हणाली. "र... र... नाही बाबा, मला हसू येतं."

"माझं तर त्याहून अवघड आहे," नीला म्हणाली. "'बाळ, मला वाचव' असं म्हटलं तर हसता हसता हातातली ढाल पडेल माझ्या."

शेवटी रतननेच तोड काढली. "गावानं हाक मारा ना! नीलाताईंनी मुलुंड म्हणायचं, सपनानं बोरिवली. स्टेशनाला कोण लाजतं?"

त्या दिवसापासून गडावर स्टेशनं घुमू लागली. "मुलुंड! मुलुंड!" "बोरिवली, लवकर!" खालच्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाईंनी एकदा जिन्यात बाळला अडवून विचारलं, नीला हल्ली रेल्वेत घोषणा देते का म्हणून.

गोंधळ मिटला. सरदार मात्र पडेना. कारण आता बाळची दुसरी, मोठी चूक उघडी पडली. जीव भरायचा मंत्र पुरा व्हायला अडीच सेकंद लागत. सरदाराचा घण उचलल्यापासून पडेपर्यंत तीन. नीला "मुलुंड" म्हणेपर्यंत त्यातले दीड गेलेले असत. हाक ऐकून मंत्र सुरू करणाऱ्याला नेहमीच उशीर होणार. रतनला तो घण पडद्यावर दिसे. बाळला ज्वाळा दिसत, उडणारे आकडे दिसत, पाच रंगांच्या पट्ट्या दिसत, आणि त्या जत्रेत घण नेमका कधी वर गेला ते तेवढं दिसत नसे. चार दिवस ते चढले, चारही दिवस नीला आधी पडली आणि मग बाकीचे.

पाचव्या दिवशी लढाई हरल्यावर इस्त्रीवाला आला. बाळ हेडफोन टेबलावर ठेवून दार उघडायला गेला. कपडे घेऊन परत आला, हेडफोन कानाला लावला, तेव्हा भीमराज बोलत होता.

"...वाईट वाटून घेऊ नका, ताई. मुलुंड माणूस सोन्यासारखा आहे, पण त्यांना उशीर होतो. शनिवारी एकदा बघू. नाही जमलं तर माझ्याबरोबर वर्कशॉपात एक सुबोध होता, तो येतो म्हणतोय. हात चांगला आहे त्याचा."

बाळने नीलाकडे पाहिलं. तिचं लक्ष पडद्याकडे होतं.

"बघू," ती म्हणाली.

एवढंच. ती 'नाही' म्हणाली नाही. बाळने हेडफोन पुन्हा काढून ठेवला आणि इस्त्रीचे कपडे कपाटात लावायला गेला. नीलाच्या साड्या एका बाजूला, आपले सदरे दुसऱ्या बाजूला. त्याला भीमराजचा राग आला नाही. उशीर करणाऱ्या प्रॉम्प्टरला त्यानेही कंपनीत ठेवला नसता. पण शनिवारनंतर काय, ते त्याला स्वच्छ दिसत होतं: तो सोफा, तो सकाळी वाचून झालेला पेपर, आणि समोर दोन तास हसणारी, भांडणारी, भलत्याच कोणाला तरी हाक मारणारी बायको.

गुरुवारी त्याच्या लॅपटॉपने काहीतरी नवीन भरून घ्यायला सुरुवात केली आणि तो तासभर चालू होईना. नीला एकटीच सराव करत होती. बाळ पाणी प्यायला उठला आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकला. सवयीचा गुलाम! दाराच्या चौकटीला खांदा टेकून, अर्धं अंग आडोशाला, तो अगदी विंगेत उभा राहावा तसा उभा राहिला. नीला त्याला पाठमोरी दिसत होती.

आणि बाळ तिरोडकर पाठमोऱ्या माणसाकडे बघण्यात मुरलेला होता. समोरून प्रेक्षक बघतात. प्रॉम्प्टरला नट दिसतो तो मागून, कडेने. अमकी नटी विसरली की उगाच पदर सारखा करते, तमक्याच्या मानेची शीर ताठते, कोणी आवंढा गिळतो, कोणी अंगठीशी चाळा करतो. दोनशे नटांच्या दोनशे खुणा त्याला पाठ होत्या.

टेबलाखाली नीलाच्या घरातल्या स्लिपर होत्या. सरदाराने घण उचलायच्या ऐन आधी तिच्या दोन्ही टाचा स्लिपरमधून वर उचलल्या गेल्या. घण पडला, टाचा खाली. पुन्हा टाचा वर. पुन्हा घण. तोंडातून शब्द निघायच्या कितीतरी आधी! सरदाराची चाल तिच्या अंगात इतकी भिनली होती, की डोळ्यांआधी पायांना कळत होतं.

बाळ पाणी प्यायचं विसरला. त्याने तीन वेळा पाहिलं, दहा वेळा पाहिलं. मग टाचांवरून त्याची नजर वर गेली. मानेवर रुळणारे पिकलेले केस, डाव्या खांद्याची ती किंचित तिरकी ठेवण, एक्स्चेंजमध्ये बसून बसून झालेली. दोनशे माणसांच्या खुणा गाठीला बांधून हिंडलेल्या या माणसाने संध्याकाळच्या पाच वाजताची आपली बायको कधी धड पाहिलीच नव्हती. त्या वेळेला तो नेहमी कुठल्यातरी नाट्यगृहाच्या मागच्या दाराने आत शिरत असायचा.

शुक्रवारी त्याने आपली खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या कडेला नेली.

"तिकडे का?" नीलाने विचारलं. "तिथे पंखा लागत नाही."

"नको मला पंखा."

"आणि माझ्या पायाकडे काय बघताय? काही चढलंय का?"

"काही नाही गं. मी काम करतोय. तू तुझं बघ."

खरं कारण त्याने सांगितलं नाही. नटाला त्याची खूण कधी सांगायची नसते. सांगितली की तो सावध होतो, आणि सावध झाला की खूण जाते.

शनिवारी चार वाजता पाचही जण दालनाच्या दारात उभे राहिले. भीमराजने एकदोनदा घसा साफ केला. दार उघडलं.

नीलाने ढाल आपटली आणि टोमणा मारला. सरदार दगडी मान कडकडवत तिच्याकडे वळला. भीमराजची तलवार, सपनाचे बाण. बाळ पडद्याकडे अर्ध्या डोळ्याने बघत होता, दीड डोळा टेबलाखाली.

टाचा वर. बाळने मंत्र सुरू केला. नीलाने "मु—" म्हणेपर्यंत मंत्र पुरा होत आला, आणि घण पडून तिची पट्टी भसकन तळाला गेली तशी लगेच भरून वरही आली.

पुन्हा टाचा. पुन्हा मंत्र. एकदा टाचा उचलल्या आणि लगेच टेकल्या, तेव्हा बाळने हात आवरला. सरदाराने घण नुसता हलवला होता. ती नटाची शांतता होती. त्याने ती भोगू दिली.

"मुलुंड," भीमराज तिसऱ्या मिनिटाला म्हणाला, "कोणी हाक मारली तुम्हाला?"

"भीमराजभाऊ, बोलू नका मध्ये," रतन म्हणाला. "चाललंय ते चालू द्या."

चौथं मिनिट गेलं. पाचवं लागलं. सरदाराच्या अंगाचे दगड निखळून पडू लागले. त्याच्या जिवाची लाल पट्टी नखाएवढी उरली. इतके दिवस जे दिसलं नव्हतं ते समोर दिसत होतं, आणि नीला उत्साहाने खुर्चीत पुढे सरकली. तिने आणखी एक टोमणा मारला. गरज नव्हती, सरदार तिच्याकडेच वळलेला होता; पण तिला राहवलं नाही. टोमणा एकदा मारला की पुढच्यासाठी अर्धं मिनिट थांबावं लागतं.

तेवढ्यात सपनाने जपून ठेवलेला मोठा बाण सोडला. तो इतका वर्मी बसला, की सपनाच्या नावाचा काटा सगळ्यांच्या वर गेला. सरदाराने नीलाकडे पाठ फिरवली. नीलाने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. टोमणा अजून तयार नव्हता. सपना पडली. तिला वाचवायला धावलेला रतन पडला. भीमराज पडला. बाळची निळी पट्टी कोरडी झाली. छत खाली आलं.

हेडफोनमधून बोरिवलीच्या घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली.

"काय झालं नेमकं?" भीमराजने विचारलं. "कुठे चुकलं?"

"माझा उशीर झाला," बाळ म्हणाला.

ते त्याच्या तोंडून विचार न करताच गेलं. एक्केचाळीस वर्षं मध्यंतरात तो हेच म्हणत आला होता. वाक्य नटाने विसरलेलं असो, चहाच्या कपाभोवती सगळे गोळा झाले की प्रॉम्प्टरने म्हणायचं, मी शब्द उशिरा दिला. नटाला पुन्हा उजेडात जायचं असतं. त्याने निर्धास्त जायला हवं.

नीलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग तिने हेडफोनचा माइक तोंडाशी ओढला.

"खोटं बोलतायत हे," ती म्हणाली. "टोमणा मी आधीच वाया घालवला. हावरटपणा झाला माझा. यांचा एकदाही उशीर झाला नाही. आज मला एकदासुद्धा हाक पुरी करावी लागली नाही, भीमराजभाऊ. एकदासुद्धा."

"ते पाहिलं मी," भीमराज म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "मग सुबोधला काय सांगू? तो सोमवारपासून मोकळा आहे."

"सांगा, जागा नाही."

नीलाने दोघांचेही माइक बंद केले.

"तुम्हाला सुबोधचं ठाऊक होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"इस्त्रीवाला आला त्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? उशीर होतच होता."

"मी बघू म्हणाले ते ऐकलंत?"

बाळ हेडफोनची वायर सरळ करत राहिला. नीलाने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"मला 'नाही' म्हणता आलं असतं," ती म्हणाली. "म्हणायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हालाच कंटाळा येईल आणि जाल उठून. सवय आहे ना मला त्याची."

"कुठे जाणार आता?" बाळ म्हणाला. "पावणेचारची बस नाही, प्रयोग नाही."

"म्हणून बसता?"

"नाही," तो म्हणाला. "म्हणून नाही."

नीलाने मान डोलावली. मग हात लांब करून माइक परत चालू केले. तिकडे सपना आणि रतन मोठा बाण आधी सोडावा की नंतर यावर कडाकडा भांडत होते, आणि भीमराज मध्ये पंच होऊन दोघांचीही बाजू घेत होता.

"अजून पाचही वाजले नाहीत," नीला म्हणाली. "दहा मिनिटांनी पुन्हा जाऊ. सपना, बाण मला विचारून सोडायचा. मी टोमणा जपून ठेवते."

"चालेल, ताई."

"मी चहा टाकतो," बाळ उठत म्हणाला.

स्वयंपाकघरात त्याने पातेलं चढवलं. नीलाने तोवर हेडफोन काढून आवाज बाहेर सोडला होता, त्यामुळे भीमराज थेट ओट्यापर्यंत ऐकू येत होता.

"पण ताई, एक विचारू? हाक नाही, पडद्यावरचं धड दिसत नाही म्हणतात. मग मुलुंडला कळतं कसं?"

"कोण जाणे," नीला म्हणाली. "मी विचारलं, तर म्हणाले, काम करतोय."

बाळने आल्याचा तुकडा घेतला आणि शांतपणे किसत राहिला.